डाकोटाची माती, मिनेसोटाचा ढीग

"अहो! निघालात कुठं? तुमची माती राहिली!"

सिग्ने ओरडली खरी, पण यंत्राच्या घरघराटात तिचं ओरडणं तिलासुद्धा ऐकू आलं नाही. तो लाल ट्रक बीट ओतून तसाच पुढे सरकला. पट्ट्यावरून येणारी ओली काळी माती त्याच्या हौद्यात पडायला हवी होती, ती धपकन जमिनीवर पडली. मागे ट्रकांची रांग आणि वरून ऑक्टोबरची बारीक भुरभुर. सिग्नेनं दोन्ही हात डोक्यावर धरून यंत्र थांबवायची खूण केली आणि चिखल तुडवत जाऊन ट्रकच्या दारावर फावड्याच्या दांड्यानं ठोकलं.

काच खाली आली. आत दाढी वाढलेला, झोप न झाल्यानं डोळे लाल झालेला एक माणूस बसला होता. खालच्या ओठाला सूर्यफुलाच्या बीचं टरफल चिकटलेलं होतं.

"पहिल्यांदाच आलात का?"

"बीट घेऊन? हो."

"मग ऐका. बीट आम्ही ठेवून घेतो. त्याला चिकटलेली माती यंत्र झाडून काढतं आणि तुमच्या हौद्यात परत टाकतं. ती परत शेतात नेऊन टाकायची. कुणाचं शेत?"

"गुंडरसनचं. नदीपलीकडचं."

"म्हणजे डाकोटाची माती. ती आम्हाला इथं मिनेसोटात नको. आमची आम्हाला भरपूर आहे."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. पिवळं हेल्मेट, गालावर चिखलाचा फराटा, आणि भुवईवर थांबलेला पावसाचा एक थेंब...

"आमच्याकडे," तो सावकाश म्हणाला, "कुणी चांगली काळी माती फुकट दिली, तर लोक आभार मानतात."

"आमच्याकडे फावडं देतात." तिनं फावडं खिडकीशी धरलं.

तो खाली उतरला. मागच्या ट्रकांचे भोंगे वाजत होते. दोघांनी मिळून तो ढीग उपसून त्याच्या हौद्यात भरला. शेवटच्या फावड्याला दोघांनाही दम लागला होता.

"एमेट," तो म्हणाला. "एमेट ब्रॉझ. उत्तर डाकोटाच्या पश्चिमेकडचा."

"सिग्ने. आणि पुढच्या वेळी माझ्या हाताकडे बघा. तोंडाकडे बघून इथं काही कळत नाही."

"बघतो," तो म्हणाला, आणि बघितलं मात्र तोंडाकडेच.

*

त्या खोऱ्यातला साखरेच्या बीटचा हंगाम म्हणजे माणसांना पिळून काढणारा चरकच. जमीन गोठायच्या आत सगळं पीक बाहेर निघायला हवं, म्हणून रात्रंदिवस पाळ्या चालतात. नदीच्या अलीकडे साखर कारखान्याचं आवार, तिथं बीटचे डोंगर रचतात. नदीच्या दोन्ही काठांना शेतं. पूल ओलांडला की राज्य बदलतं, पण चिखल तोच राहतो.

सिग्नेचं काम ट्रकला हातांनी खुणा करायचं. मागे ये, थांब, हौदा उचल, खाली घे, माती घे, जा. बारा तास हात हलवून संध्याकाळी तिला कोटाची चेन ओढायचाही कंटाळा यायचा. पण लाल ट्रक रांगेत दिसला की हात जरा हलके व्हायचे. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारायलाही ताकद लागते.

माती हौद्यात पडेपर्यंत थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात त्यांचं भांडण व्हायचं.

"आमच्याकडे जमिनीतून तेल निघतं," एमेट खिडकीतून म्हणायचा.

"आमच्याकडे लोखंड निघतं. तुमच्या तेलाचे पाइप कशाचे असतात? लाकडाचे?"

ट्रक पुढे सरकला. पुढच्या खेपेला मात्र काच आधीच खाली होती. "तुमचं लोखंड वाहणारे डंपर कशावर चालतात? पाण्यावर?"

"एवढा विचार करत आलात पुलावरून?"

"रस्ता सरळ आहे. दुसरं करायचं काय?"

मग कधी मधाची गोष्ट निघायची. "अख्ख्या देशात सगळ्यात जास्त मध आमचा डाकोटा काढतो."

"बोलण्यात कुठं दिसत नाही तो."

"तुमचं काय सगळ्यात जास्त?"

"टर्की. कोंबड्यांच्या चौपट आकाराचे, दिवसभर गुरगुरणारे पक्षी."

एमेटनं ढिगापाशी ओरडणाऱ्या मुकादमाकडे पाहिलं. "हो, एक दिसतोय."

सिग्ने हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे, गाल दुखले.

"आमच्या राज्याची स्वतःची बँक आहे," दुसऱ्या दिवशी तो सांगत होता. "स्वतःची पिठाची गिरणीसुद्धा. सरकारी. तुमच्याकडे आहे का असलं काही?"

"आमच्याकडे माणसं आहेत. शहरं आहेत. हृदयाचे ठोके चुकायला लागले तर छातीत बसवायचं यंत्र करणारे कारखाने आहेत."

"मग बरं आहे," तो मातीच्या पट्ट्याकडे बघत म्हणाला. "या आवारात आलो की मला त्याची गरज पडते."

तिनं पुढे जायची खूण केली. जरा जास्तच जोरात.

*

एकदा पट्टा तुटला. दुरुस्तीवाले येईपर्यंत रांग जागच्या जागी थांबली. पावसाची भुरभुर परत सुरू झाली होती. एमेटनं दार उघडून धरलं आणि सिग्ने वर चढून बसली. आत डिझेलचा, ओल्या लोकरीचा आणि भाजलेल्या बियांचा वास होता. तिनं थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून त्याला दिली. तोपर्यंत त्यांच्या बोलण्यातलं 'अहो-जाहो' कुठंतरी चिखलात पडलं होतं.

"तेल सोडून बीट का वाहतोस?" तिनं विचारलं.

"तेलानं मला सोडलं. भाव पडला. जमीन खोदायची यंत्रं आडवी करून ठेवलीत, गवत उगवलंय त्यांच्यावर. फोरमन म्हणाला, भाव चढला की पहिला फोन तुला." त्यानं खिशावर हात ठेवला. तिथं फोन होता. "येईल कधीतरी. आला की मी जाणार."

सिग्नेनं थर्मासचं बूच घट्ट केलं.

"तू?" त्यानं विचारलं.

"मी उत्तरेकडची. खाणीतली. तो डंपर, ज्याच्यावरून तू मला टोमणा मारलास ना, तो मी चालवत होते. चाकच माझ्या दुप्पट उंच. वसंतात खाण बंद केली. पोलादाला मागणी नाही म्हणे. मागणी आली की फोन करतील."

"म्हणजे तूही..."

"हो. मीही." तिनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "माझे वडील असेच होते. खाण बंद पडली की फोनपाशी खुर्ची टाकून बसायचे. आई जेवणसुद्धा तिथंच वाढायची. ते घास घ्यायचे आणि फोनकडे बघायचे. आई समोर असायची, तिच्याकडे नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, असल्या माणसाच्या ताटात मी कधी वाढणार नाही."

एमेटनं खिशावरचा हात काढला. काढून तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"एवढं भांडलो आपण," तो शेवटी म्हणाला. "तुझं राज्य, माझं राज्य. दोघांचा धंदा एकच निघाला. जमिनीला भोक पाडायचं, आणि भाव पडला की त्या भोकाकडे बघत बसायचं."

"बीट तरी दर वर्षी उगवतं," ती म्हणाली.

"हो. पण ते आपलं नाही."

पट्टा सुरू झाला. ती खाली उतरली. झाकण त्याच्याकडेच राहिलं होतं. तिनं मागितलं नाही.

*

मग एके दिवशी भलतंच ऊन पडलं. ऑक्टोबरात अंगातला कोट काढावा लागेल असं. गरम बीट ढिगात रचलं तर आतून कुजतं, म्हणून हवा गार होईपर्यंत सगळं काम बंद. आवारात एकदम शांतता झाली. लोक ट्रकांच्या सावलीत पाय पसरून पडले, काही जण बसल्या जागी झोपले.

एमेट तिला शोधत आला. त्यानं तोंड धुतलं होतं. दाढीच्या कडेला साबण राहिला होता.

"पलीकडे गावात आज चर्चचं जेवण आहे. मिटबॉल आणि बटाट्याच्या पोळ्या. गुंडरसनबाई सांगत होत्या. येतेस?"

सिग्नेचं मन केव्हाच उठून उभं राहिलं होतं. पण तोंडातून आलं ते घरच्या वळणाचं. "नको रे. उगाच कशाला... मी अशी चिखलानं भरलेली."

"बरं," एमेट म्हणाला.

मान हलवली आणि गेला. खरंच गेला! ट्रकशी पोचला, दार उघडलं, बसला. सिग्ने बघत राहिली. तो पूल चढला, आणि पलीकडच्या राज्यात उतरला.

दुसऱ्या दिवशी गार वारा सुटला आणि काम सुरू झालं. लाल ट्रक आला, पण तिच्या रांगेत नाही. पलीकडच्या दुसऱ्या यंत्राच्या रांगेत. दुपारीही तिकडेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. लांबून तिला फक्त त्याचा खिडकीबाहेर टेकलेला कोपर दिसायचा.

"काय झालंय तुला?" आर्लिसबाईंनी विचारलं. या बाई पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या, आता निवृत्त, पण दर हंगामाला साखर तपासायचे बीटचे नमुने पिशवीत भरायला यायच्या. "तीन ट्रक तू उलट्या बाजूला पाठवलेस."

सिग्नेनं सांगितलं. तुटक तुटक, खुणा करता करता.

आर्लिसबाईंनी पिशवी खाली ठेवली. "त्यानं विचारलं, आणि तू नको म्हणालीस."

"हो, पण ते... आर्लिस, तुम्हाला माहितीये ना. पहिलं नको!"

"मला माहितीये गं. आपल्या मिनेसोटात पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे विचार चाललाय. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, अगदी थोडंसं. माझ्या लग्नात माझ्या सासूनं मला केक तीनदा विचारला, तेव्हा कुठं मी ताट पुढे केलं. पण तो आहे पश्चिमेकडचा. रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरातला. त्यांच्याकडे एकदा विचारतात. नको म्हटलं की ताट उचलून ठेवतात, आणि परत विचारणं म्हणजे बाईला छळणं असं मानतात."

"म्हणजे तो रागावला नाहीये?"

"रागावला? अगं, तो तुझा मान राखतोय. म्हणून तर लांबच्या रांगेत उभा राहतो बिचारा, मालकाचा डिझेलचा खर्च वाढवून." त्यांनी सिग्नेच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "जा. मी हात हलवते तोवर. चाळीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलंय, ट्रक काय मोठे!"

सिग्ने धावत नाही गेली. धावण्याइतकं अंगात काही उरलंच नव्हतं. ती चिखलातून पाय ओढत पलीकडच्या रांगेपर्यंत गेली, लाल ट्रकच्या पायरीवर चढली आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

एमेट दचकला. काच खाली केली.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?"

"परवा विचारलंस ना. जेवायला येतेस का. हो."

तो तिच्याकडे बघत राहिला. "सिग्ने... ते जेवण परवाच संपलं."

"मला माहितीये."

"तू नको म्हणालीस."

"तुला नाही कळणार. आमच्याकडचं नको वेगळं असतं." तिनं चिखलाचा बूट पायरीवर घासला. "आणि मला समजावून सांगायचा आता खरंच कंटाळा आलाय रे. मी दमलेय. तू फक्त जरा सरक."

तो सरकला. सीटखाली त्याच्या डब्यात गार झालेलं पिठाच्या गोळ्यांचं सूप होतं. त्याच्या आईच्या पद्धतीचं, त्यानंच पहाटे गुंडरसनबाईंच्या चुलीवर केलेलं. चमचा एकच होता. रांग इंचाइंचानं पुढे सरकत होती. त्यांनी आळीपाळीनं खाल्लं. तो डावीकडचे गोळे तिच्या बाजूला ढकलायचा आणि ती परत त्याच्या बाजूला.

"बरं झालंय," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे."

"हो, कमी आहे. पण बरं झालंय."

त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. दोघांनीही तो काढून घेतला नाही.

*

फोन आला तो सिग्नेला.

जेवणाच्या सुट्टीत ती पत्र्याच्या शेडमध्ये हात शेकत बसली होती. खाण पुढच्या आठवड्यात सुरू होतेय, डंपरवर तिची जागा आहे, येणार ना? ती "हो" म्हणाली. हे "हो" लगेच आलं. वडिलांपासून चालत आलेलं होतं ते. फोन ठेवल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहिली, पण तो आला नाही.

एमेटला तिनं मातीच्या पट्ट्याखाली सांगितलं. यंत्राच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, आणि असली गोष्ट ओरडून सांगणं फार वाईट.

"छान झालं!" तोही ओरडला. माती पडत राहिली. पडून संपली, तरी तो हलेना. मागून भोंगे वाजले.

"मी येऊ?" त्यानं विचारलं.

"कुठं?"

"तुझ्याकडे. उत्तरेला."

"तिथं तुला काय काम आहे?"

"काही नाही."

सिग्ने पायरीवर चढली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. "एमेट, आता म्हणतोयस, ते खरंच असेल. पण उद्या भाव चढेल, तुझा फोन वाजेल, आणि तू त्याच्याकडे बघशील. तो चेहरा मला ओळखता येतो. लहानपणी रोज जेवताना बघितलाय. काल आरशातही बघितला." तिनं दाराची कड सोडली. "मला आशा लावू नकोस. आशेनं फार थकायला होतं."

ती खाली उतरली आणि तिनं पुढे जायची खूण केली.

*

हंगाम संपला तसा एकदम संपला. शेवटचा ट्रक ओतून झाला, यंत्रं बंद पडली, आणि इतक्या दिवसांच्या आवाजानंतर कानात नुसती गार हवा भरून राहिली. आर्लिसबाईंनी सगळ्यांना चॉकलेटच्या वड्या वाटल्या. सिग्नेच्या हातात दोन ठेवल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्यासारख्या बाईला तेही जमतं, हे सिग्नेला तेव्हा कळलं.

ती गाडीपाशी पाण्याच्या नळीनं बुटांवरचा चिखल काढत उभी होती. सामान मागच्या सीटवर टाकून झालं होतं. एमेट गुंडरसनचा ट्रक परत करून पायीच पूल ओलांडून आला. खांद्याला एक पिशवी. तो निरोप घ्यायला आला असावा, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं.

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला.

दोघांनीही ओळखला. त्या वाजण्यात काही वेगळं नव्हतं, तरी ओळखला. एमेटनं फोन काढला, नाव पाहिलं. सिग्नेनं मान खाली घातली. त्याचा चेहरा तिला बघायचा नव्हता. ती बूट धूत राहिली.

"हो," एमेट म्हणाला. "हो, बोला ना... चढला का? वाटलंच होतं... सोमवारी?"

नळीचं पाणी एकाच बुटावर पडत होतं. तो बूट केव्हाच स्वच्छ झाला होता.

"नाही, सोमवारी नाही जमणार... नाही, मंगळवारीही नाही. मी येतच नाहीये... नाही हो, दुसरीकडे कुठं लागलो नाही... पगाराचं नाही, पगार चांगलाच आहे, तुम्ही आठवणीनं फोन केलात... मिनेसोटाला चाललोय. उत्तरेला, खाणींकडे... नाही, काम नाही मिळालेलं तिथं." तो थांबला. पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी विचारत होता. "काम नाही, माणूस मिळालंय... आता काय सांगू तुम्हाला... नाही, ती अजून हो म्हणालेली नाही. विचारायलाच आलो होतो, तुमचा फोन आला... हो, इथंच आहे. बूट धुतेय, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतेय... बरं. ठेवतो. तब्येतीला जपा."

त्यानं फोन खिशात टाकला. नदीवरून वारा आला. ढिगातल्या बीटचा गोडसर, मातकट वास आला.

सिग्नेनं नळी बंद केली. वर बघायला तिला थोडा वेळ लागला.

"ते परत फोन करणार नाहीत," ती म्हणाली.

"नाही करणार."

"आमच्याकडे मार्चपर्यंत बर्फ असतो. घर लहान आहे. मी पहाटे जाईन, अंधार पडल्यावर येईन. तुला काम मिळायला महिने लागतील. कदाचित मिळणारही नाही. आणि खाण परत कधीही बंद पडेल."

"हो."

"मग काय करशील तिथं?"

एमेटनं विचार केला. खरोखर विचार केला, मग दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आधी झोपेन," तो म्हणाला. "मला फार झोप आलीय, सिग्ने. किती वर्षांची कोण जाणे."

तिला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्हींपैकी एकही आवरायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं पुढे होऊन त्याच्या छातीला डोकं टेकलं. कोटाला ओल्या मातीचा वास येत होता. त्याचे हात जरा घाबरतच तिच्या पाठीवर आले, आणि मग तिथंच राहिले.

"ये," ती थोड्या वेळानं म्हणाली. "बस गाडीत. नको, तिकडून. मी चालवते."

गाव मागे पडायच्या आतच तो झोपला. दोन्ही बाजूंना उपसलेली काळी शेतं, त्यांच्यावरून उतरत जाणारं पिवळं ऊन. एका वळणावर त्याचं डोकं काचेवरून घरंगळून तिच्या खांद्यावर आलं. सिग्नेनं गाडीचा वेग कमी केला. मागून एक गाडी भोंगा वाजवत पुढे निघून गेली. तिनं जाऊ दिली, आणि समोर दिसणारा खड्डा जपून चुकवला.